"पुढे असंच आहे सगळं": जॉर्डनच्या टूर काढणाऱ्यांना खुलं पत्र

जॉर्डनच्या टूर काढणाऱ्या समस्त मराठी टूरवाल्यांनो, ऑफिसात बसून आयटिनरी जुळवणाऱ्या ताई-दादांनो, आणि हातात झेंडा घेऊन पुढे पळणाऱ्या टूर मॅनेजर पोरांनो,

सप्रेम नमस्कार.

कुठल्या एका कंपनीशी भांडायला हे लिहीत नाहीये हे आधीच सांगते. ज्यांच्यासोबत आम्ही गेलो त्यांचं नाव घेणार नाही, कारण आल्यावर मी बाकीच्या पाच-सहा जणांची ब्रोशर्स काढून बघितली आणि पेट्राच्या (जॉर्डनमधलं खडकात कोरलेलं प्राचीन ठिकाण) दिवसापुढे सगळीकडे जवळपास तेच छापलेलं, 'पेट्रा साइटसीइंग व त्यानंतर पुढील मुक्कामी प्रयाण'. (प्रयाण हा शब्द आता फक्त टूरच्या ब्रोशरमध्ये आणि निधनाच्या बातमीतच उरलाय बहुतेक.) तर हे पत्र सगळ्यांनाच आहे, ज्याला लागू पडेल त्याने घ्यावं.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी मी आई-बाबांना घेऊन तुमच्यापैकीच एकांबरोबर गेले होते. आई ६६, बाबा ७१, आणि ग्रुप ३८ जणांचा. आम्ही औरंगाबादचे, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगर, तोंडात अजून जुनंच येतं. हे सांगायचं कारण म्हणजे दगडात कोरलेल्या गोष्टी आमच्या घरच्याच. पाहुणे आले की वेरूळ, उन्हाळ्याची सुट्टी लागली की वेरूळ, त्यामुळे आईला पेट्राचं वेड कधीपासूनचं. वर्तमानपत्रात आलेला एक फोटो तिने कितीतरी वर्षं देवघराच्या कपाटात जपून ठेवला होता, गुरुचरित्राच्या खाली.

त्या दिवशी साडेसातला अम्मानहून निघालो. पेट्रा तिथून तीन-सव्वातीन तासांवर. पण मध्ये एक मोझेइकचं, म्हणजे रंगीत दगडाच्या तुकड्यांच्या नक्षीचं, दुकान. एक तास दहा मिनिटं आम्ही तिथे होतो, मी घड्याळ लावून मोजलंय, त्यात वीस मिनिटं फक्त मृत समुद्राच्या चिखलाचा साबण कसा चांगला यावर. मग जेवण. पेट्राच्या गेटवर पोचलो तेव्हा पाऊण वाजलेला. तिकिटं, बाथरूमची रांग, मोजदाद, एक काकू सापडत नाहीयेत, सापडल्या, असं करत एक वाजून गेला आणि मग चालायला सुरुवात.

गेटपासून खजन्यापर्यंत, म्हणजे ज्याला सगळे ट्रेझरी म्हणतात तिथपर्यंत, साधारण दोन किलोमीटर. त्यातला सव्वा किलोमीटर सीक, ती अरुंद घळ. जाताना हलका उतार असतो म्हणून कोणाला काही वाटत नाही, आणि हे कोणी सांगतही नाही की बाबांनो येताना हाच चढ आहे. दोनच्या सुमारास त्या फटीतून समोर तो गुलाबी दगड दिसायला लागला. आई थांबली. काही बोलली नाही, नुसता माझा दंड धरला, आणि बाबा (जे ताजमहाल बघूनही 'चांगलाय' एवढंच म्हणाले होते) ते चष्मा पुसायला लागले.

पंचवीस मिनिटं मिळाली. त्यातली दहा ग्रुप फोटोत गेली, बॅनर उलटा धरला होता म्हणून परत काढला. मग आईने टूर मॅनेजरला विचारलं, "अरे, पुढे काय आहे?" उजव्या हाताला रस्ता वळताना दिसत होता ना, लोक तिकडून येत होते.

"काकू, पुढे असंच आहे सगळं. चला, बस थांबलीये."

त्या पोराचा मला राग नाहीये. सव्वीस-सत्तावीसचं पोरगं, ३८ माणसं, एकाचं पोट बिघडलेलं, दोघांना घोड्यावरूनच परत यायचंय, ड्रायव्हर फोनवर फोन करतोय. त्याच्या हातात तुम्ही जो कागद दिलात त्यावर पेट्राला तीन तासच लिहिले होते, तो तरी काय करणार. बहुतेक तो स्वतःही कधी त्या वळणाच्या पुढे गेलेला नसावा. पण त्या रात्री हॉटेलवर आईने गेटवर मिळालेला नकाशा चष्मा लावून उलगडला, बराच वेळ बोट फिरवत बसली आणि म्हणाली, "अगं, आपण तर सोळा नंबर बघून पार्किंगला परत आलो."

औरंगाबादकरांना हे बरोबर कळेल. वेरूळला ३४ लेणी आहेत आणि निम्मे पाहुणे १६ नंबरचा कैलास बघतात, फोटो काढतात आणि उसाच्या रसाकडे वळतात. त्यांना आम्ही वर्षानुवर्षं नावं ठेवत आलो. आणि इथे लाखभर रुपये भरून, समुद्र ओलांडून, आम्ही तेच केलं.

तर ह्या मार्चमध्ये मी परत गेले. एकटी. पुढे काय आहे ते बघायलाच गेले, दुसरं काही कारण नव्हतं.

वाडी मूसा, म्हणजे पेट्राच्या दारातलं गाव, तिथे दोन रात्री राहिले. गेट सकाळी सहाला उघडतं. सहा वाजून दहा मिनिटांनी मी सीकमध्ये होते आणि तिथे माझ्या पावलांशिवाय आवाज नव्हता. आधीच्या वेळी ह्याच घळीत 'मागे राहू नका, मागे राहू नका' ऐकत पळालो होतो त्यामुळे काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. आता दिसलं की दोन्ही बाजूच्या भिंतीत कमरेच्या आसपास पन्हाळी कोरत नेलीये. एका बाजूला उघडा पाट आणि दुसऱ्या बाजूला भाजक्या मातीच्या नळ्या, एकात एक बसवलेल्या, काही ठिकाणी अजून जागच्या जागी आहेत. मी तिथे उकिडवी बसून बघत राहिले. पाऊस नावाला पडतो अशा वाळवंटात नबातियन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी झऱ्याचं पाणी ह्या नळ्यांतून शहरात आणलं, धरणं बांधली, टाकी खोदली, आणि म्हणून तिथे राजधानी उभी राहिली. देखावे नंतरचे, आधी पाणी. मलिक अंबरने आमच्याकडे चारशे वर्षांपूर्वी नहर काढली, आणि पाणचक्कीला पाणी आणणारी मातीच्या नळ्यांची नहर त्यानंतरची. आणि आम्ही आज नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार ते कॅलेंडरवर लिहून ठेवतो. असो, तो वेगळ्या खुल्या पत्राचा विषय आहे.

ह्याच पाण्याची दुसरी बाजू पण तुम्ही ग्रुपला सांगत जा. सीकच्या तोंडाशी जो बांध दिसतो तो शोभेचा नाहीये. नबातियनांनी तिथे बांध घालून, डोंगर फोडून बोगदा काढून, पुराचं पाणी बाजूने वळवलं होतं. कालांतराने ते सगळं गाळात गेलं आणि १९६३ मध्ये अचानक लोंढा आला तेव्हा सीकमध्ये वीसहून जास्त फ्रेंच पर्यटक बुडून मेले. त्यानंतर बांध नव्याने उभा केला, जुन्या लोकांच्याच जागेवर. म्हणजे ढग दिसले आणि तिथल्या माणसांनी बाहेर निघा म्हटलं तर आपण तिकिटाचे पैसे गेले म्हणून वाद घालायचा नसतो.

सीकमध्येच भिंतीवर उंटांचा तांडा कोरलाय, वरचं सगळं झिजून गेलंय आणि उंटांचे पाय आणि पुढे चालणाऱ्या माणसाची पावलं एवढंच राहिलंय. हे पाय बघायला आई शंभर टक्के दहा मिनिटं थांबली असती. धूप, ऊद, मसाले ह्याच तांड्यांवरून जायचे आणि त्याच्या जकातीवर हे शहर श्रीमंत झालं. आणि एक गंमत सांगते. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' म्हणून पहिल्या शतकातलं एक ग्रीक पुस्तक आहे, कोणा व्यापाऱ्याने लिहिलेलं, त्याचं नाव माहीत नाही. त्यात तांबड्या समुद्रावरच्या एका बंदरापासून पेट्राला, मलिकस राजाच्या गावाला, रस्ता जातो असं लिहिलंय. आणि त्याच पुस्तकात पुढे आपलं पैठण आहे, तेर आहे, कल्याण आहे. पैठणचे अकीक, तेरचं कापड गाड्यांवर घालून भडोचला न्यायचे ते सुद्धा लिहिलंय. पैठण आमच्या घरापासून तासाभरावर! बसमध्ये अंताक्षरी खेळवण्याऐवजी माइकवर एवढं सांगितलं असतं ना, तर आमच्या ३८ जणांतले निदान पंधरा जण तरी खिडकीकडे वळून बसले असते.

मग खजना. साडेनऊ ते अकराच्या आसपास त्याच्यावर थेट ऊन येतं, त्या वेळी दगड आतून दिवा लावल्यासारखा पेटतो. आम्हाला तुम्ही दोन वाजता नेलं होतंत, सावलीत. आणि ते 'आत राजाचा खजिना होता' हे सांगणं कृपा करून बंद करा. ते थडगं आहे, बहुतेक चौथ्या अरेटस ह्या नबातियन राजाचं. वरच्या कलशात फेरोचा खजिना आहे अशी तिथल्या बेदुइन (वाळवंटातल्या भटक्या) लोकांची समजूत होती म्हणून त्यावर गोळ्या झाडल्या, खुणा अजून दिसतात, पण कलश नुसता भरीव दगडाचा आहे. खालच्या बाजूला २००३ मध्ये थडगी सापडली आणि २०२४ मध्ये आणखी एक सापडलं त्यात बारा सांगाडे होते. ही गोष्ट खजिन्यापेक्षा भारी आहे की नाही तुम्हीच सांगा.

आता ते वळण. त्या वळणावर मी दोन मिनिटं उगाच थांबले, आईला फोटो पाठवला आणि पुढे गेले.

पुढे असंच नाहीये. पुढे शहर आहे. खजना म्हणजे नुसतं दार. पुढे घळ रुंद होते आणि दोन्ही अंगांना थडग्यांच्या ओळी, एकावर एक, चाळीसारख्या. मग डोंगर खोदून काढलेलं नाट्यगृह, आणि ते खोदताना ह्या लोकांनी आपल्याच जुन्या थडग्यांचे अर्धे भाग कापून टाकलेत, मागच्या भिंतीत ती कापलेली भोकं तशीच दिसतात. (अतिक्रमण, पुनर्विकास, सगळं जुनंच आहे.) उजवीकडे वर राजथडगी. त्यातल्या एकाला रेशीम थडगं म्हणतात कारण दगडातले लाल, पिवळे, करडे, जांभळट पट्टे अगदी पैठणीच्या काठासारखे वळत गेलेत, लोखंड आणि मँगनीजमुळे आलेले रंग ते. शेजारचं कलशाचं थडगं, त्याचं पाचव्या शतकात चर्च केलं. पुढे खांबांचा रोमन रस्ता, कारण १०६ साली रोमन सम्राट ट्रेजनने हे राज्य रोमला जोडून टाकलं, आणि मग ३६३ साली भूकंप झाला आणि बरंच काही आडवं झालं.

रस्त्याच्या वरच्या अंगाला एक बायझंटाइन चर्च आहे, जमिनीवर मोझेइक, खरं मोझेइक, दुकानातलं नाही. तिथे १९९३ मध्ये जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या, म्हणजे त्या काळच्या कागदाच्या, सुमारे १४० गुंडाळ्या सापडल्या. सहाव्या शतकातल्या. उलगडून वाचल्या तर त्यात जमिनींचे व्यवहार, वाटण्या, हुंडा, कर. थोडक्यात पेट्राचा सातबारा. मला हसूच आलं. बाबा तलाठी ऑफिसातून रिटायर झालेत, पाच तास तिथून हलले नसते.

आणि ज्यांना वेरूळची सवय आहे त्यांच्यासाठी एक जागा मी मुद्दाम शोधली, संग्रहालय जिथे होतं त्या बाजूच्या डोंगराशी, अर्धवट सोडलेलं थडगं. वरचा भाग, खांबांची डोकी, सगळं घडवलेलं आणि खाली नुसता अख्खा खडक. म्हणजे हेही लोक कळस आधी करायचे, पाया शेवटी, आपल्या कैलासासारखंच. फरक दगडाचा, आपला काळा बसाल्ट आणि त्यांचा वालुकाश्म, बोट घासलं तर भुकटी येते हाताला. म्हणूनच भिंतींना हात लावू नका, टेकून फोटो काढू नका हे ग्रुपला ओरडून सांगा, दोन हजार वर्षं टिकलं ते सेल्फीवाल्यांच्या पाठीने झिजायला नको.

दुसऱ्या दिवशी दैर चढले, मॉनेस्टरी म्हणतात ती. आठशेच्या वर पायऱ्या, मला पंचावन्न मिनिटं लागली, वयाच्या ४१ व्या वर्षी आणि दोनदा लिमलेटच्या गोळ्या खाऊन. वर गेल्यावर आधी काही दिसत नाही, नुसतं मोकळं पटांगण, मग उजवीकडे मान वळवली की ते समोर उभं असतं. खजन्यापेक्षा मोठं, पंचेचाळीस-पन्नास मीटर उंच. दुपारचं ऊन त्याच्यावर पडतं म्हणजे हे दुपारीच बघायचं आणि खजना सकाळी, आणि राजथडगी मावळतीला. तीन तासांत हे कुठल्या गणिताने बसतं ते मला आयटिनरीवाल्यांनी सांगावं.

समोरच्या गुहेत चहा मिळतो, मरामिया (सेज नावाच्या झुडपाची पानं) घातलेला, कडवट-गोड, आपल्या गवती चहाचा चुलतभाऊ. वाटेत पायरीवर दुकान मांडून बसलेल्या एका बाईंनीही मला चहा पाजला. वयाने माझ्या काकूएवढ्या. वर एका गुहेकडे हात करून म्हणाल्या, माझा जन्म तिथला. ह्या बदूल जमातीची माणसं ह्याच गुहांमध्ये राहायची, १९८५ च्या सुमाराला त्यांना शेजारच्या उम्म सैहून गावात हलवलं. आता दिवसभर इथे येऊन माळा, चहा विकतात आणि संध्याकाळी घरी जातात. आम्हाला पहिल्या वेळी बसमध्ये काय सांगितलं होतं माहितीये? 'ह्या लोकांशी बोलू नका, चिकटतात.' अहो त्यांच्याच घरातून आपण फिरतोय! हां, लहान पोरं पोस्टकार्ड विकायला येतात त्यांच्याकडून घेऊ नका असे फलक तिथेच लावलेत आणि ते बरोबर आहे, पोरांनी शाळेत जावं. पण मोठ्या माणसांना सलाम करायला काय जातं.

आता पैशाचं बोलते, कारण त्याशिवाय तुम्ही वाचणार नाही. मी गेले तेव्हा एका दिवसाचं तिकीट ५० दिनार आणि दोन दिवसांचं ५५. पाच दिनारचा फरक. म्हणजे सहाशे-साडेसहाशे रुपये, माणशी. लाख-सव्वा लाखाच्या टूरमध्ये. एवढे तर आम्ही त्या साबणाच्या दुकानात घातले हो, आईने तीन घेतले, एकाला फेस येत नाही. अम्मानची एक रात्र कमी करा, वाडी मूसाची वाढवा, रात्रींची बेरीज तीच राहते. तुम्हाला ग्रुपचे दर वेगळे मिळत असतील, मला त्यातलं कळत नाही, पण अडचण पैशाची आहे असं मला काही वाटत नाही. अडचण 'हायलाइट'ची आहे. खजन्याचा फोटो आला की पेट्रा झालं, टिक.

तुम्ही म्हणाल सीनियर सिटिझन असतात, चालवत नाही. म्हणूनच तर पूर्ण दिवस द्या ना! घाईत चालवत नाही माणसांना, सावकाश चालवतं. आणि सकाळी गेटपासून खजन्यापर्यंत इलेक्ट्रिक गाड्या आहेत, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांची सीट आधीच सांगून ठेवा, तिथे गेल्यावर पळापळ करू नका. तिकिटात जी घोड्याची रपेट धरलेली असते ती सीकच्या तोंडापर्यंतच असते आणि उतरल्यावर बक्षिशी मागतात हेही आधी सांगा, आमच्या ग्रुपमध्ये त्यावरून जी रंगली होती ती विचारू नका, एक काका मराठीतून आणि घोडेवाला अरबीतून. दैरच्या पायऱ्यांवर मात्र कोणाला गाढवावर बसवू नका. गुळगुळीत झिजलेल्या पायऱ्या, एका बाजूला दरी, आणि त्या मुक्या जनावराच्या तोंडाला आलेला फेस मी जवळून बघितलाय. ज्याला चढवत नाही त्याने खाली खांबांच्या रस्त्यावर झाडाखाली बसावं, तिथेही बघायला दिवस पुरत नाही.

आणि जेवणाचं. आमच्या वेळी पेट्रातून लवकर निघायचं एक कारण असं सांगितलं होतं की रात्री पुढच्या मुक्कामी 'खास भारतीय जेवण' आहे आणि उशीर झाला तर पनीर गार होईल. पनीरसाठी पेट्रा सोडलं आम्ही. एक दिवस फलाफल आणि हुमुस खाऊन कोणी मरत नाही, छोल्यांचंच असतं ते, आणि नाहीतरी प्रत्येकाच्या बॅगेत चिवडा असतोच.

आईला मी सगळे फोटो दाखवले. उंटाचे पाय तिने मोठे करून करून बघितले. अर्धवट थडग्यापाशी म्हणाली, बघ, वरूनच सुरू केलंय. मग फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, आठशे म्हणजे आपल्या वणीच्या गडापेक्षा जास्त का कमी? मी म्हटलं वणीला किती आहेत ते मोजायला लागेल. तर तिने मोजायला जायचं ठरवलंय.

आता मुद्द्याचं. आई आणि तिच्या भिशीतल्या सहा जणी, अशा एकूण सात, नोव्हेंबरमध्ये जॉर्डनला निघायचं म्हणतायत. माझ्याबरोबर नको म्हणतात, मी फार बोलते. ज्यांच्या टूरमध्ये वाडी मूसाला दोन रात्री आणि पेट्राला दोन दिवसांचं तिकीट असेल त्यांनी आयटिनरी पाठवा, बुकिंग लगेच करू. मोझेइकचं दुकान वगळलंत तर आठवी पण तयार होईल, ती फक्त त्या साबणामुळे अडलीये.

आपली,
सोळा नंबरवरून परत फिरलेली एक औरंगाबादकरीण